‘संशोधनाचे महत्त्व’ लिहायला बसण्यापूर्वी

पीएच.डी.च्या आराखड्यात ‘संशोधनाची गरज आणि महत्त्व’ असं एक शीर्षक असतं. बहुतेक जण ते सगळ्यात शेवटी भरतात, आणि तेही दुसऱ्या कुणाचा आराखडा शेजारी ठेवून. त्यामुळे विषय कोणताही असला तरी मजकूर ठरलेला: सदर संशोधन विद्यार्थी, शिक्षक, शासन आणि एकूणच समाजाला उपयुक्त ठरेल. आराखडा मंजूर करणाऱ्या समितीतल्या मंडळींनी हे वाक्य इतक्यांदा वाचलेलं असतं की त्यांची नजर त्यावर ठरतच नाही. मग प्रश्न येतो, “बरं, मग? यातून नवीन काय कळणार?” आणि उमेदवार गडबडतो.

यात सगळा दोष उमेदवाराचा नाही. एखादा निष्कर्ष महत्त्वाचा कधी मानायचा, याची रीत प्रत्येक विद्याशाखेत वेगळी आहे आणि ती कुणी समोर बसवून शिकवत नाही. कोर्सवर्कमध्ये संख्याशास्त्राच्या तासाला ०.०५ हा सार्थकता स्तर, म्हणजे दिसलेला फरक योगायोगाचा नाही असं मानण्याची ठरलेली रेषा, येऊन जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला वाटतं, याच्याशी आपला काय संबंध. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याला वाटतं, टी-मूल्य (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारा आकडा) सार्थक आलं की काम झालं. दोघांनाही पुढे ते जड जातं. खालचा क्रम नुकतीच नोंदणी केलेल्यांसाठी आणि करू पाहणाऱ्यांसाठी आहे. आपल्या शाखेबाहेरची पायरी आली तरी गाळू नका. व्हायव्हाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, येणारे बाहेरचे परीक्षक बऱ्याचदा तिथूनच प्रश्न काढतात.

पहिली पायरी: आपल्या शाखेत कोणता प्रश्न विचारतात ते ओळखा

शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, आपल्या विषयातले पाच-सहा प्रबंध उघडा. त्यातलं ‘महत्त्व’ हे प्रकरण तूर्त बाजूला ठेवा, थेट निष्कर्षाचं प्रकरण वाचा. लेखक कुठे जोर देतो, कुठे बचाव करतो, तिथे खुणा करा. थोड्याच वेळात लक्षात येईल की सगळा खटाटोप चारांपैकी एखाद्या प्रश्नाभोवती चालला आहे. दिसलेला फरक नुसत्या योगायोगाने पडला असेल का? फरक खरा असला तर तो केवढा आहे? त्याने कुणाचा निर्णय बदलतो? आणि, आजवर जे खरं मानत होतो त्यातलं काय हललं?

कणभौतिकीवाल्यांचा जीव पहिल्या प्रश्नात अडकलेला असतो. डॉक्टर दुसऱ्या-तिसऱ्यावर अडतात. इतिहासकार आणि गणिती जवळजवळ पूर्णपणे चौथ्यावर. गोंधळ होतो तो एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी दिल्यामुळे. परीक्षक विचारतात “याचा उपयोग काय?” आणि विद्यार्थी सांगतो “सर, ०.०१ स्तरावर सार्थक आहे.”

दुसरी पायरी: पी-मूल्य एकदा हाताने काढून पाहा

सॉफ्टवेअर टी-मूल्य देतं, पी-मूल्य देतं, शेजारी तारांकन सुद्धा घालतं. त्यामुळे आत काय शिजलं ते कळत नाही. कागद-पेन घेऊन पुढचं उदाहरण सोडवा.

इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १९२०च्या दशकात शैवालांच्या अभ्यासक म्युरिएल ब्रिस्टल काम करत. कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे चवीवरून ओळखता येतं असं त्यांचं म्हणणं. (आपल्याकडे दूध-पाणी-साखर एकाच पातेल्यात उकळत असल्याने हा वाद निघालाच नसता.) तिथले संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी हा दावा तपासण्याची रीत सुचवली आणि १९३५ साली प्रयोगरचना समजावताना हेच उदाहरण वापरलं. आठ कप घ्यायचे. चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. कोणता कप केव्हा द्यायचा हे नशिबावर सोडायचं. बाईंनी दूध-आधीचे चार वेगळे काढायचे.

आता हिशेब. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात, त्यातला पूर्ण बरोबर एकच. म्हणजे ज्याला चवीतलं काहीही कळत नाही असा माणूस नुसत्या अंदाजाने सगळे कप ओळखण्याची शक्यता ७०त १, सुमारे १.४ टक्के. तीन बरोबर आणि एक चूक असे प्रकार मात्र १६ आहेत. ‘तीन किंवा चार बरोबर’ हे आंधळ्या अंदाजानेही ७०त १७ वेळा, सुमारे २४ टक्के वेळा घडेल. तेव्हा एक कप चुकला की दाव्याला आधार राहत नाही. आठांऐवजी सहा कप घेतले असते तर? निवडण्याचे प्रकार २०, म्हणजे सगळे ओळखूनही शक्यता ५ टक्क्यांवरच थांबते. नमुना किती मोठा हवा, हा प्रश्न प्रयोगाआधी का सोडवायचा ते इथे दिसतं.

पी-मूल्य म्हणजे एवढंच: मुळात काही फरक नाहीच असं धरलं, तर हाती आलेला किंवा त्याहून टोकाचा निकाल किती वेळा दिसेल. “पी ०.०३ आलं, म्हणजे माझी परिकल्पना ९७ टक्के खरी” असं त्यातून निघत नाही. हे वाक्य मी प्रबंधांत वाचलं आहे, त्यावर मार्गदर्शकांची सही असताना.

०.०५ हा आकडाही कुठल्या नियमातून आलेला नाही. फिशर यांनी १९२५ साली तो सोयीचा म्हणून सुचवला, कारण प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वक्रावर तो सरासरीपासून जवळपास दोन प्रमाण विचलनांवर येतो; प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप. पुढे पाठ्यपुस्तकांनी त्याची लक्ष्मणरेषा केली. २०१६ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला निवेदन काढून सांगावं लागलं की एखादा आकडा रेषेच्या अलीकडे की पलीकडे एवढ्यावरून वैज्ञानिक निष्कर्ष काढू नयेत. २०१९ मध्ये ‘नेचर’मधल्या एका लेखाला ८००हून अधिक संशोधकांनी पाठिंब्याच्या सह्या दिल्या, ‘सार्थक’ आणि ‘असार्थक’ ही सरधोपट विभागणीच बंद करा, अशी त्यांची मागणी होती. तुमच्या विद्यापीठाच्या नमुन्यात ०.०५ चा रकाना असेल तर तो भरा, वाद घालू नका. पण त्याच्या शेजारी नेमकं पी-मूल्य आणि कॉन्फिडन्स इंटरव्हलही (खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्ला) द्या.

तिसरी पायरी: आपल्या शाखेचा उंबरठा आणि त्यामागचं कारण शोधा

४ जुलै २०१२ रोजी सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेने हिग्ज कणाशी जुळणारा नवा कण सापडल्याचं जाहीर केलं, ते पाच सिग्मा, म्हणजे पाच प्रमाण विचलनं, गाठल्यावर. म्हणजे तसा कण नसताना नुसत्या चढउतारातून इतका मोठा उंचवटा दिसण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक. तीन सिग्माला ते लोक फार तर ‘पुरावा’ म्हणतात, शोध म्हणत नाहीत. इतका कडकपणा का, हे डिसेंबर २०१५ मध्ये पुन्हा दिसलं. ७५० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास एक उंचवटा दिसला, त्यावर जगभरातून शेकडो शोधनिबंध लिहिले गेले, आणि ऑगस्ट २०१६ पर्यंत जास्त माहिती जमा झाल्यावर तो सपाट झाला. हजारो ठिकाणी शोधत राहिलं की कुठे ना कुठे उंचवटा दिसणारच.

जनुकशास्त्रात हाच विचार उघड भागाकाराने केला जातो. एखाद्या आजाराशी संबंध शोधताना जीनोमवर साधारण दहा लाख स्वतंत्र चाचण्या होतात असं धरतात. म्हणून ०.०५ ला दहा लाखांनी भागायचं. उंबरठा येतो दोन कोटींत एक.

आपल्या एम.एड.च्या आणि पूर्वीच्या एम.फिल.च्या प्रबंधांत हे होत नाही. लिंग, माध्यम, शहरी-ग्रामीण, शाळेचा प्रकार, पालकांचं शिक्षण अशा जोड्या पाडत वीस परिकल्पना तपासल्या जातात आणि प्रत्येकीला ०.०५ लावलं जातं. वीस स्वतंत्र चाचण्यांत कुठेच काही नसताना निदान एक तरी ‘सार्थक’ निघण्याची शक्यता ६४ टक्के आहे. आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण नेमकं त्या एकीवर उभं राहतं.

यावरचं सगळ्यात खट्याळ उदाहरण वैद्यकातलं आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच ॲस्पिरिन दिल्यास जीव वाचतात का, हे तपासणाऱ्या आयसिस-२ या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. औषधाचा फायदा स्पष्ट होता. तरी वय, लिंग, आजार असे गट पाडून निकाल द्या, असा आग्रह झाला. संशोधकांनी ते दिले आणि सोबत राशींप्रमाणेही गट पाडून दाखवले. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने किंचित अपायच होतो असं त्यातून ‘निघालं’. राशी अर्थात पाश्चात्त्य पद्धतीच्या, जन्मतारखेवरून ठरणाऱ्या. गट पाडत गेलं की काहीही निघतं, हे सांगायला त्यांना दुसरी युक्ती लागली नाही.

इथे करायचं काम सोपं आहे. किती चाचण्या करणार, त्यातली मुख्य कोणती, हे आराखड्यातच लिहून टाका. मागाहून सुचलेली तुलना जरूर द्या, पण ‘मागाहून केलेली’ असं लिहून.

आणखी एक. उंबरठा कितीही उंच असला तरी तो फक्त योगायोगापासून वाचवतो, मोजमापातल्या बिघाडापासून वाचवत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगाने सांगितलं की सर्नहून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेला प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतात. निकाल सहा सिग्माचा, हिग्जपेक्षाही वरचढ. पुढच्या वर्षी कळलं की घड्याळाकडे जाणाऱ्या ऑप्टिकल फायबर केबलची जोडणी नीट बसलेली नव्हती. प्रश्नावली नीट न बेतता टी-मूल्याच्या शेजारी दोन तारांकनं मिरवणाऱ्यांनी ही केबल लक्षात ठेवावी.

चौथी पायरी: फरक केवढा, आणि कुणासाठी

समजा, नव्या अध्यापन पद्धतीची चाचणी घेतली. गुण ५० पैकी, प्रमाण विचलन ८. पहिल्या संशोधकाने दोन्ही गटांत हजार-हजार मुलं घेतली; मध्यमानं ३१.२ आणि ३२.०. टी-मूल्य येतं सुमारे २.२४, म्हणजे ०.०५ स्तरावर सार्थक. दुसऱ्याने वीस-वीस मुलं घेतली. मध्यमानं २८ आणि ३२. टी-मूल्य सुमारे १.५८, असार्थक. पहिल्याच्या प्रबंधात पद्धत ‘प्रभावी’ ठरते, दुसऱ्याच्या प्रबंधात ‘परिणाम नाही’. पहिल्याकडे फरक आहे एका गुणाहूनही कमी, दुसऱ्याकडे चार गुणांचा. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षिकेला यातलं काय कामाचं?

दुसऱ्याने लिहायला हवं होतं: चार गुणांचा फरक दिसला, पण नमुना लहान असल्याने तो खात्रीचा म्हणता येत नाही. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि शून्य परिकल्पना (मुळात फरक नाही हे गृहीत) ‘स्वीकारली’ असं लिहिलं की पहिल्याचं दुसरं होऊन बसतं. इफेक्ट साइजचा आकडा (फरक भागिले प्रमाण विचलन) द्या, त्याला ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा अशी जेकब कोहेन यांची फूटपट्टी सर्रास लावतात. ती ठोकताळा आहे. तुमच्या विषयात कुणी आधी काम केलं असेल तर तुलना त्यांच्या आकड्यांशी करा.

वैद्यकात ‘केवढा’ या प्रश्नाची सवय जास्त मुरलेली आहे. अमेरिकेत २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर झालेल्या ॲस्पिरिनच्या चाचणीचा अंतिम निकाल १९८९ साली आला. सुमारे पाच वर्षांत ॲस्पिरिन घेणाऱ्या ११,०३७ जणांत १३९ हृदयविकाराचे झटके, प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) घेणाऱ्या ११,०३४ जणांत २३९. झटक्यांचा धोका ४४ टक्क्यांनी कमी, असा मथळा देता येतो आणि तो खोटा नाही. पण भागाकार करून पाहा: २.१७ टक्क्यांवरून १.२६ टक्क्यांवर. साधारण ११० जणांनी पाच वर्षं गोळी घेतली तेव्हा एकाचा झटका टळला, आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंत तर फरक दिसलाच नाही. पी-मूल्य अतिशय लहान होतं. तरी निरोगी माणसाला ही गोळी द्यायची की नाही, यावर डॉक्टरांत पुढेही वाद चालूच राहिले, कारण रक्तस्रावाचा धोका तराजूच्या दुसऱ्या पारड्यात होता.

याच्या उलट टोकाचं उदाहरण आपल्याच राज्यातलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि ४७ गावांशी तुलना केली. गावातल्याच स्त्रियांना शिकवून आरोग्यदूत केलं: बाळाचं वजन करणं, ऊब देणं, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांत दर हजार जन्मांमागे ५९.६ नवजात मृत्यू होते, प्रयोगाच्या गावांत २५.५. आधीची पातळी धरून हिशेब केला तर घट ६२ टक्के. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा निबंध आला. इथे पी-मूल्य ०.००१ पेक्षा कमी होतं, पण त्याची आठवण क्वचितच कुणी काढतं. हजारामागे तीस-पस्तीस बाळं वाचली, तीही रुग्णालयाशिवाय. असं होऊ शकतं यावर तोवर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांच्या मार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आला, त्याच्या मुळाशी हे काम आहे. चारही प्रश्नांना एकदम उत्तर देणारं संशोधन असं असतं. ते विरळाच, आणि तुमच्याकडून कुणी तशी अपेक्षा करत नाही. एका प्रश्नाचं नीट उत्तर पुरतं.

पाचवी पायरी: आकडेच नसतील तर

मानव्यविद्येतल्या विद्यार्थ्यांना वाटतं, आमच्याकडे मोजायला काही नाही, तेव्हा महत्त्व म्हणजे विषयाची थोरवी. म्हणून संत साहित्यावरचा आराखडा संतांच्या महतीने सुरू होतो आणि तिथेच संपतो. विषय थोर असणं वेगळं, तुमचं काम महत्त्वाचं असणं वेगळं.

पुरातत्त्वातलं उदाहरण घ्या. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला, श्रीरामपूर तालुक्यात, झुडपाचं मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैल जुंपलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. वजन सगळं मिळून ६० किलोच्या वर. वस्तू देखण्या आहेत, दुर्मिळ आहेत. पण त्या उत्खननात, ठरावीक थरात सापडल्या नाहीत, आणि सगळा वाद तिथून सुरू होतो. त्या उत्तर-हडप्पा काळातल्या मानल्या तर हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या पर्वाचा पसारा आणि तंत्रज्ञान दख्खनपर्यंत कसं पोचलं, याचं चित्र बदलतं. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून काही अभ्यासकांनी त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात असं म्हटलं. तसं असेल तर त्या सुंदर राहतील, पण वरच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध उरणार नाही. पुढे तिथे रीतसर उत्खनन झालं, तेव्हा या वस्तूंना थर मिळवून देणं हाही एक हेतू होता. अशा क्षेत्रात साधं खापर थरासकट मिळालं तर ते थर नसलेल्या मूर्तीपेक्षा जास्त बोलतं. तेव्हा या शाखेच्या आराखड्यात वस्तूचं वर्णन कमी आणि संदर्भाची हमी जास्त हवी.

पाठचिकित्सेत, म्हणजे हस्तलिखितं ताडून जुना मजकूर ठरवण्याच्या शास्त्रात, तर पुरावा तोलण्याची रीत संख्याशास्त्राच्या फार जवळ जाते, फक्त आकडेमोड नसते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ एवढ्या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. जास्त पोथ्यांत आहे तो पाठ खरा, असा बहुमताचा न्याय विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला नाही. एकमेकींवरून उतरवलेल्या पन्नास पोथ्या म्हणजे एकच साक्षीदार पन्नासदा बोलल्यासारखं. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतली पोथी एकाच पाठावर जुळल्या तर ते वजनदार, कारण दोन्ही परंपरा एकमेकींपासून फार दूर वाढल्या. पाठचिकित्सेतला आणखी एक नियम असा की दोन पोथ्यांत बरोबर शब्द जुळला तर त्यातून काही कळत नाही. नेमकी एकच चूक जुळली तर त्यांचं मूळ एक असल्याचा संशय धरायचा.

आणि याच आवृत्तीत मूळ संहितेतून निघून टिपांत किंवा परिशिष्टात गेलेले भाग बघा. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा, वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा. संहितेचं जुनं रूप शोधणाऱ्याला हे भाग बाजूला ठेवावे लागतात. पण कृष्णभक्ती कथेत कशी आणि कुठल्या प्रदेशातून शिरली हा तुमचा विषय असेल, तर तुमची खरी सामग्री त्या तळटिपांतच आहे. म्हणून मानव्यविद्येत ‘हा मजकूर महत्त्वाचा आहे’ असं वाक्य अर्धवट असतं. कोणत्या प्रश्नासाठी, ते त्याच वाक्यात यायला हवं.

गणितात पी-मूल्याला जागाच नाही. सिद्धता एकतर आहे किंवा नाही. तिथे महत्त्व म्हणजे एखादं प्रमेय इतर किती कल्पनांना जोडतं. जी. एच. हार्डी यांनी १९४० साली नमुना दिला होता: चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच अशा, की त्या स्वतःच्या उलट संख्येच्या पटीत येतात, ४ × २१७८ आणि ९ × १०८९. खरं आहे, गमतीचं आहे, पण गणित्याला त्यात काही नाही, असं त्यांचं मत. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेलं की शेवटी येणारी संख्या; चारही अंक सारखे मात्र नकोत) याच जातीचा म्हणून बरीच वर्षं दुर्लक्षित राहिला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि जगभर नाव झालं. मला स्वतःला ६१७४ फार आवडतो. तरी गणितात पीएच.डी. करणाऱ्याने त्या धर्तीचा विषय घेऊ नये, समिती हार्डींच्या बाजूची असते.

वास्तुवारसा हा विषय असेल तर काम थोडं सोपं आहे, कारण तिथे चौकट तयार आहे. ऑस्ट्रेलियातल्या १९७९च्या बर्रा सनदेपासून एखाद्या जागेचं महत्त्व सौंदर्य, इतिहास, विज्ञान, समाज, अध्यात्म अशा मूल्यांत वेगळं करून लिहायची पद्धत पडली आहे. २०२५ साली मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली, त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. ती नोंद एकेका किल्ल्याची थोरवी गाऊन झालेली नाही. सगळ्यांची मिळून एक लष्करी व्यवस्था होते, हे मांडावं लागलं.

सहावी पायरी: आता लिहा

दोन वाक्यं आधी खोडा. ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही’ हे पहिलं. झालेलं नसेल, पण ते कुणाला गरज वाटली नाही म्हणूनही असू शकतं. शिवाय समितीतला कुणीतरी हमखास एखादा निबंध काढून दाखवतो. दुसरं ते समाजाला उपयुक्त ठरण्याचं.

मग तीन गोष्टी ओळीने लिहा: काय माहीत आहे, कुठे अडलं आहे, आणि ते सुटलं तर कोण काय वेगळं करेल. सोलापूरच्या डाळिंबाचा एक नमुना घेऊ. (मृग बहार म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेला फुलोरा.) आराखड्यात साधारण असं येतं: “डाळिंब हे महत्त्वाचे नगदी पीक असून प्रस्तुत संशोधन शेतकरी, कृषी विभाग व धोरणकर्ते यांना मार्गदर्शक ठरेल.” त्याऐवजी असं लिहिता येईल:

“पावसाळी दमट हवेत तेल्या रोग वाढतो, म्हणून मृग बहार धरण्यात जोखीम जास्त असते, हे माहीत आहे. तरीही अनेक बागायतदार मृग बहार धरतात. यामागे उन्हाळ्यातली पाणीटंचाई आहे की बाजारभावाचा अंदाज, हे मी पाहिलेल्या अभ्यासांत वेगळे करून तपासलेले नाही. खरे कारण पाणीटंचाई असेल तर बहार बदलण्याचा सल्ला निरुपयोगी आहे, शेततळ्याचा सल्ला उपयोगी आहे. खरे कारण बाजारभाव असेल तर नेमके उलट.”

पाचच वाक्यं. यात कुठेही ‘महत्त्वाचे’ हा शब्द नाही, आणि समितीला “बरं, मग?” विचारायला जागा उरलेली नाही. ‘मी पाहिलेल्या अभ्यासांत’ हे शब्द मुद्दाम आहेत. वाचलं तेवढंच बोललात तर उलटतपासणीत टिकता. आणखी एक तपासणी करा: दोन्ही उत्तरांपैकी कोणतंही आलं तरी काहीतरी कळतं का? ‘नाही’ असं उत्तर आल्यावर प्रबंधात लिहायला काहीच उरत नसेल, तर प्रश्न पुन्हा घडवा. प्रयोगशाळेतल्या विषयांत ही तपासणी फार कामाला येते.

लिहून झाल्यावर भाषेवरून एक हात फिरवा. ‘सार्थक’ हा शब्द कसोटीचं नाव आणि आकडे शेजारी असतील तिथेच ठेवा. ‘लक्षणीय’, ‘मोठ्या प्रमाणात’, ‘क्रांतिकारी’ दिसले की आकडा किंवा उदाहरण घाला, नाहीतर शब्द काढा. आपल्या शाखेबाहेरच्या एखाद्या मित्राला ते पान वाचायला द्या आणि तोंडी काही समजावू नका. तो कुठे अडतो ते बघा.

सातवी पायरी: निकाल हाती आल्यावर पुन्हा

आराखड्यातलं ‘महत्त्व’ हा अंदाज असतो. तीन-चार वर्षांनी प्रबंध बांधायला घेताना तोच मजकूर भविष्यकाळाचा भूतकाळ करून चिकटवला जातो, आणि परीक्षकाला पहिलं आणि शेवटचं प्रकरण वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखं वाटतं. निकालानंतर ते कोऱ्या कागदावर लिहा. ठरवलेल्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आलं नसेल तर तसं लिहा. आलं पण फरक छोटा निघाला, तर किती छोटा ते लिहा. वाटेत दुसरंच काही सापडलं असेल तर ते मागाहून सापडलेलं म्हणून द्या, त्याला मूळ हेतूचा पोशाख चढवू नका. यासाठी निदान आठवडाभर मोकळा ठेवा, आणि तो साहित्यचौर्य तपासणी, बांधणी, ना-हरकत प्रमाणपत्रं यांची धावपळ सुरू होण्याच्या आधीचा ठेवा, कारण एकदा त्या रांगेत उभं राहिलात की मार्गदर्शकांना गाठून चार पानं वाचून घेणंही होत नाही.